हाताला मुंग्या, वाद मानेत

१९९० साली 'आर्काइव्हज ऑफ न्यूरॉलॉजी' या अमेरिकी नियतकालिकात एकाच आजारावर दोन छोटे लेख पाठोपाठ छापून आले. एक होता डेन्व्हरचे शल्यचिकित्सक डेव्हिड रूस यांचा. या आजाराकडे वैद्यकाचे दुर्लक्ष होते आणि रुग्ण उगाच सोसत राहतात, असे त्यांचे म्हणणे. दुसरा लेख क्लीव्हलंड क्लिनिकचे मज्जाविकारतज्ज्ञ आसा विल्बर्न यांचा. ज्यांना हा आजार नाही त्यांच्याही माथी तो मारला जातो आणि नको ती शस्त्रक्रिया होते, असे त्यांचे म्हणणे. दोघेही आपापल्या क्षेत्रातले जाणते, दोघांच्याही हाताखालून असे शेकडो रुग्ण गेलेले. तरीही एकाला जिथे आजार दिसत होता, तिथे दुसऱ्याला निदानाची चूक दिसत होती.

हा आजार म्हणजे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, संक्षेपाने टीओएस. हाताला मुंग्या येणे, करंगळीकडची बाजू बधीर होणे, हात वर धरला की जड पडणे अशा तक्रारी घेऊन गेलेल्या माणसाला अनेक तपासण्यांनंतर कधीतरी हे नाव ऐकू येते. घरी येऊन त्याने शोधाशोध केली, की एकीकडे 'शस्त्रक्रियेने कायमचा आराम' अशी ग्वाही मिळते आणि दुसरीकडे 'असा आजारच नसतो' असा निर्वाळा. दोन्ही टोके चुकीची आहेत. मधल्या जागेत नेमके काय आहे, याचा हा आढावा.

मानेतून काखेकडे जाणारी वाट

हाताचे मज्जातंतू मानेच्या मणक्यांतून निघतात. मानेची खालची चार मुळे आणि छातीचे पहिले मूळ अशी पाच मुळे एकमेकांत मिसळतात, फुटतात, पुन्हा जुळतात आणि त्यांचे एक जाळे तयार होते. त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. हे जाळे मानेच्या बाजूला असलेल्या दोन स्केलीन स्नायूंमधल्या फटीतून खाली उतरते, पहिल्या बरगडीवरून जाते, कॉलरबोनखालून सरकते आणि छातीवरच्या पेक्टोरॅलिस मायनर या लहान स्नायूच्या मागून काखेत शिरते. हाताला रक्त नेणारी धमनी पहिल्या फटीत जाळ्याच्या सोबतच असते. रक्त परत आणणारी शीर मात्र पुढच्या स्केलीन स्नायूच्याही पुढून, कॉलरबोन आणि बरगडी यांच्या कोपऱ्यातून जाते. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण कोठे दाब पडतो त्यावर आजाराचे रूप ठरते.

ही वाट सगळ्यांचीच अरुंद असते. हात डोक्यावर नेला की पेक्टोरॅलिस मायनर ताणला जातो, खांदा खाली आणि मागे ओढला की कॉलरबोन बरगडीवर टेकू लागते. छताला रंग देणारा, दिवसभर फळ्यावर लिहिणारी, लोकलच्या वरच्या कडीला लटकून कल्याण ते दादर उभा राहणारा, या सगळ्यांच्या हाताला केव्हा ना केव्हा मुंग्या येतात आणि हात खाली घेतला की जातात. तो आजार नव्हे.

काही जणांत मात्र जन्मतःच तिथे जास्तीचे काही असते. मानेच्या सातव्या मणक्याला जोडलेली जादा बरगडी, म्हणजे सर्व्हायकल रिब, साधारण शंभर-दोनशे माणसांत एखाद्याला असते, स्त्रियांत जास्त. कधी बरगडी पूर्ण नसते, तिचे टोकच असते, आणि त्या टोकापासून पहिल्या बरगडीपर्यंत एक चिवट तंतुमय पट्टा ताणलेला असतो. एक्स-रेवर हा पट्टा दिसत नाही आणि घात बहुधा तोच करतो. तरीही जादा बरगडी असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये ती अवचित दिसते. अशा वेळी हाताच्या प्रत्येक तक्रारीचे खापर तिच्यावर फोडायचा मोह होतो, तो आवरलेला बरा.

एका नावाखाली तीन आजार

टीओएस या एकाच नावाखाली तीन वेगळे आजार नांदतात. वादाचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

धमनी दाबली जाते तो प्रकार सर्वांत दुर्मीळ, सगळ्या टीओएसमध्ये सुमारे एक टक्का. यात जवळजवळ नेहमी जादा बरगडी किंवा हाडातला तसाच दोष सापडतो. दाबलेल्या जागेच्या पुढे धमनी फुगते, फुगवट्यात रक्ताची गाठ धरते, गाठीचे तुकडे बोटांकडे वाहत जातात. बोटे गार, पांढरी, दुखरी होतात. क्वचित गाठ उलट सरकून मेंदूकडे जाते. ह्यूस्टन ॲस्ट्रोज संघाचा बेसबॉलपटू जे. आर. रिचर्ड याचे उदाहरण क्रीडावैद्यकात सारखे दिले जाते. १९८०च्या उन्हाळ्यात तो हात थकल्याची, मेल्यासारखा वाटत असल्याची तक्रार करत होता. वृत्तपत्रांत त्याच्यावर कामचुकारपणाचा आरोप झाला. त्याच वर्षी ३० जुलैला सराव करताना त्याला पक्षाघाताचा झटका आला. मेजर लीगमध्ये तो पुन्हा कधी खेळू शकला नाही. पुढे त्याच्या दुखण्याचे मूळ धमनीच्या टीओएसमध्ये असल्याचे स्पष्ट झाले.

शीर दाबली जाणारा प्रकार तीन ते पाच टक्के. तरुण, बहुधा व्यायाम करणारा किंवा खांद्यावर जोर देणारे काम करणारा माणूस. एका दिवसात हात सुजतो, निळसर पडतो, छातीवरच्या शिरा उठून दिसतात. इंग्लंडमध्ये जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि व्हिएन्नात फॉन श्रोटर यांनी १८८४ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून तो पॅजेट-श्रोटर सिंड्रोम. शिरेत गाठ झाली हे सोनोग्राफीत दिसते, त्यामुळे निदानावर भांडण नाही.

उरलेले नव्वद-पंच्याण्णव टक्के मज्जातंतूंचे. त्यातही पुन्हा दोन भाग पडतात. एक 'खरा' मज्जातंतूंचा टीओएस, ज्यात तळहाताचे स्नायू झडतात आणि विद्युत तपासणीत बिघाड स्पष्ट दिसतो. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रॉजर गिलियाट, समनर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये त्याचे नेटके वर्णन केले. अंगठ्याखालचा उंचवटा सपाट होतो, बधीरपणा मात्र करंगळीच्या बाजूला आणि कोपराखालच्या आतल्या भागात असतो. ही जोडी विचित्र वाटते, पण तिचा अर्थ लागतो: जाळ्याचे सर्वांत खालचे मूळ, छातीचे पहिले, पट्ट्यावर ताणले जाते. अशा हाताला आजही गिलियाट-समनर हात म्हणतात. हा प्रकार दहा लाखांत एखाद्याला होतो, असा अंदाज वारंवार उद्धृत होतो.

दुसऱ्या भागात राहिलेले सगळे येतात. मुंग्या, दुखणे, जडपणा आहे, पण स्नायू झडलेले नाहीत, एनसीव्ही आणि ईएमजी या विद्युत तपासण्या सामान्य, एमआरआयमध्ये ठोस काही नाही. विल्बर्न यांनी याला 'वादग्रस्त' टीओएस असे नाव दिले. टीओएसच्या बहुतेक शस्त्रक्रिया याच गटात होतात आणि रूस-विल्बर्न वादही याच गटापुरता होता.

बरगडीपासून मनगटापर्यंत

या आजाराचा इतिहास म्हणजे त्याच्या हद्दी सारख्या हलत राहिल्याचा इतिहास आहे. जादा बरगडी शरीररचनाशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून माहीत होती. अॅस्टली कूपर यांनी १८२१ मध्ये तिच्यामुळे हाताचा रक्तपुरवठा बिघडतो हे नोंदले. लंडनमध्ये होम्स कूट यांनी १८६१ मध्ये ती शस्त्रक्रियेने काढली. तोवर कारण हाडाचे होते आणि डोळ्यांना दिसत होते.

मग तक्रारी तशाच, पण जादा बरगडी नाही, असे रुग्ण येऊ लागले. मेलबर्नमध्ये टॉमस मर्फी यांनी १९१० मध्ये चक्क सामान्य पहिली बरगडी काढली आणि रुग्णाला आराम पडला. अमेरिकेत हालस्टेड यांनी १९१६ मध्ये कुत्र्यांच्या धमनीवर धातूचे पट्टे आवळून, आवळलेल्या जागेपुढे ती का फुगते याचा अभ्यास केला. मेयो क्लिनिकमधल्या अॅडसन आणि कॉफी यांनी १९२७ मध्ये बरगडीला हात न लावता नुसता पुढचा स्केलीन स्नायू कापला तरी भागते, असे मांडले. मान वळवून, श्वास रोखून मनगटाची नाडी बघायची अॅडसनची चाचणी तेव्हाची. १९३५ मध्ये ऑश्नर, गेज आणि डिबेकी यांनी दोष स्नायूवरच ठेवला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, फॅल्कनर आणि वेडेल यांनी कॉलरबोन आणि बरगडी यांच्यामधल्या दाबाकडे लक्ष वेधले; पाठीवर जड ओझी वाहणाऱ्या सैनिकांच्या संदर्भात ती कल्पना लगेच पटण्यासारखी होती. १९४५ मध्ये आयर्व्हिंग राइट यांनी हात डोक्यावर घेऊन झोपणाऱ्यांचे वर्णन केले. प्रत्येक पिढीला दाबाची नवी जागा सापडत गेली आणि प्रत्येक जागेला स्वतंत्र सिंड्रोमचे नाव मिळत गेले.

याच काळात दुसऱ्या टोकाकडून हद्द आक्रसत होती. १९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी सरकलेल्या मणक्याच्या चकतीने मज्जामूळ दाबले जाते हे दाखवले; पुढे मानेतल्या चकत्यांकडेही तसेच पाहिले जाऊ लागले. १९४७ मध्ये लंडनच्या रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी मनगटातल्या कार्पल टनेलमध्ये मीडियन नस आपोआप दाबली गेल्याचे रुग्ण मांडले. १९५०च्या दशकात फेलन यांनी हा आजार किती सर्रास आढळतो हे अमेरिकेला पटवून दिले. त्याआधी मध्यमवयीन बाईच्या हाताला रात्री मुंग्या आल्या, की कारण मानेत शोधले जाई, आणि कित्येकींच्या मानेवर शस्त्रक्रियाही झाली. मनगटावरच्या छोट्या शस्त्रक्रियेने बरा होणारा आजार वीस-पंचवीस वर्षे मानेच्या खात्यावर मांडला गेला होता. टीओएसविषयी साशंक असलेले मज्जाविकारतज्ज्ञ आजही हा दाखला देतात, आणि तो वजनदार आहे.

१९५६ मध्ये मेयो क्लिनिकमधल्या पीट आणि सहकाऱ्यांनी विखुरलेली सगळी नावे 'थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम' या एका छत्राखाली आणली. गंमत अशी, की त्यांच्या त्या लेखात व्यायामांचा एक कार्यक्रम होता. पुढे ते नाव मात्र शस्त्रक्रियेशी बांधले गेले. १९६२ मध्ये क्लॅगेट यांनी पहिली बरगडी हाच सर्व दाबांचा समाईक दुवा असल्याचे मांडले, आणि १९६६ मध्ये रूस यांनी काखेतून छेद घेऊन ती काढण्याची पद्धत आणली. व्रण लपणारा, रक्तस्राव कमी, रुग्ण लवकर घरी. पुढच्या दोन दशकांत अमेरिकेत या शस्त्रक्रिया झपाट्याने वाढल्या. आणि १९८०च्या दशकाअखेर विल्बर्न, चेरिंग्टन यांच्यासारखे लोक शस्त्रक्रियेनंतर कायमचा लुळा पडलेला हात घेऊन आलेल्या रुग्णांबद्दल लिहू लागले.

बोटे काय सांगतात

बधीर हाताचा शोध बोटांपासून सुरू करावा, असे जुन्या डॉक्टरांचे सांगणे अजूनही खरे आहे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधीर, रात्री जाग येते, हात झटकला की बरे वाटते: हे बहुधा कार्पल टनेल, टीओएस नव्हे. करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू बधीर, कोपर वाकवून फोन धरला की वाढते: कोपराशी दबलेली अल्नर नस. टीओएसमध्येही करंगळीचीच बाजू बधीर होते, पण त्यात कोपराखालचा आतला भागही सामील असतो. हा भाग अल्नर नसेच्या ताब्यात नाही, त्यामुळे दोघांत फरक करायला तो फार कामाचा. मानेच्या आठव्या मुळावर चकती दाबत असेल तर तक्रारीचा नकाशा जवळजवळ असाच होतो. तिथे मान मागे वा बाजूला वाकवल्यावर हातात चमक जाते का हे पाहतात आणि मानेचा एमआरआय करतात.

आपल्याकडे या यादीत आणखी काही नावे जोडावी लागतात. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके ती तळटीपेत टाकतात, इथे ती वर हवीत. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात, आणि कुष्ठरोग अल्नर नसेला कोपराशी गाठतो. करंगळी बधीर झालेल्या माणसाची कोपरामागची नस जाड लागते का आणि अंगावर बधीर चट्टा आहे का, हे पाहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण ते राहून जाते. मधुमेह आणि बी-१२ची कमतरता बहुधा दोन्ही बाजूंना आणि पायांपासून सुरू होते. एका हाताचे स्नायू झडत चाललेला विशी-पंचविशीतला तरुण असेल, तर हिरायामा आजार ध्यानात ठेवावा. जपानमध्ये १९५९ साली वर्णिलेल्या या आजारासारखेच रुग्ण बंगळुरूहून गौरी-देवी आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये नोंदले. त्यात दुखणे आणि बधीरपणा फारसा नसतो, हाच ओळखण्याचा धागा. आणि धूम्रपान करणाऱ्याच्या खांद्यात सतत ठणका, करंगळी बधीर, त्याच बाजूची पापणी खाली आलेली असेल, तर फुप्फुसाच्या टोकाचा कर्करोग नाकारल्याशिवाय टीओएसचे नावही घेऊ नये.

मग टीओएस ओळखायचा कसा? दवाखान्यातल्या चाचण्या बऱ्याच आहेत. अॅडसनची चाचणी, दोन्ही हात वर धरून तीन मिनिटे मुठी उघडबंद करायची रूस यांची चाचणी, राइट यांची हात वर नेऊन नाडी बघायची चाचणी. अडचण अशी, की निरोगी माणसांतही या चाचण्या सर्रास होकारार्थी येतात. हात वर केल्यावर नाडी मंद होणे ही निसर्गाची रीत आहे, रोगाचे लक्षण नव्हे. आज जाणकार नाडीकडे कमी आणि 'नेहमीचीच तक्रार हुबेहूब उपटते का' याकडे जास्त लक्ष देतात.

दोन बाजू

वादग्रस्त गटाबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकण्यासारखे आहे.

शस्त्रक्रिया मानणाऱ्यांचा युक्तिवाद असा: दाब येतो-जातो, तंतू मरत नाहीत, नुसते चिडतात. एनसीव्ही मोठ्या तंतूंचे नुकसान दाखवते, चिडलेपणा दाखवत नाही, म्हणून ती सामान्य आली तर नवल नाही. डेन्व्हरचेच रॉबर्ट सँडर्स यांनी मोटार अपघातात मान हिसकल्यानंतर स्केलीन स्नायू कडक होतात हे मांडले आणि पुढे पेक्टोरॅलिस मायनरमागच्या दाबाकडे लक्ष वेधले. कापून काढलेल्या स्केलीन स्नायूंत सूक्ष्मदर्शकाखाली बदल दिसल्याच्या नोंदीही आहेत. रुग्णांची गोष्ट एकमेकांशी जुळते, केस विंचरताना, दोरीवर कपडे वाळत घालताना, गाडी चालवताना हात भरून येणे. हजारो माणसे तीच गोष्ट सांगत असतील, तर ती सगळी मनाची समजूत कशी?

साशंकांचा युक्तिवाद असा: जी गोष्ट कोणत्याही तपासणीत दिसत नाही, तिचे निदान चुकले हे कळणार कसे? शस्त्रक्रियेने बरे वाटले म्हणून आजार होता, हा पुरावा वर्तुळात फिरतो. मान-खांद्याचे स्नायू आखडले तरी हातात मुंग्या उतरतात. अमेरिकेत या निदानाला कामगार-भरपाई आणि अपघाताच्या दाव्यांचीही किनार आहे. आणि शस्त्रक्रिया निरुपद्रवी नाही. फुप्फुसाभोवती हवा शिरणे, श्वासपटलाची नस दुखावणे, डाव्या बाजूला लसीकावाहिनी फुटणे, मोठा रक्तस्राव आणि सर्वांत वाईट म्हणजे खुद्द मज्जातंतूंच्या जाळ्यालाच इजा. वॉशिंग्टन राज्यातल्या कामगार-भरपाईच्या नोंदींवरून २००० मध्ये छापलेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने सुमारे ६० टक्के कामगार अजूनही कामावर परतू शकलेले नव्हते.

मधला एक विचार १९७३ मध्ये अप्टन आणि मॅककोमस यांनी 'लॅन्सेट'मध्ये मांडला. मज्जातंतू वरच्या बाजूला थोडा दबला असेल, तर खालच्या थोड्याशा दाबानेही तो कुरकुरतो, असा. मनगटात किंचित, मानेत किंचित. एकटा कोणताच दाब पुरेसा नाही, पण दोन्ही मिळून हात बधीर. ही कल्पना आकर्षक आहे, म्हणूनच धोक्याचीही. तिच्या आधारे एकाच हातावर दोन-दोन शस्त्रक्रिया सुचवणे सोपे होते. माणसांत ती निर्विवाद सिद्ध झालेली नाही.

१९९० नंतर वाद बदलला तो इथे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या 'सोसायटी फॉर व्हॅस्क्युलर सर्जरी'ने मज्जातंतूंच्या टीओएससाठी निकष ठरवले. मानेतून काखेकडे जाणाऱ्या त्या वाटेवर दाबल्यावर दुखणे. हातातली जुळणारी लक्षणे आणि ती उपटवणाऱ्या चाचण्या. दुसरे कोणतेही संभाव्य निदान नसणे. आणि स्केलीन स्नायूत भुलीचे इंजेक्शन दिल्यावर तात्पुरता आराम. चारांपैकी तीन जुळले पाहिजेत. साशंकांना इंजेक्शनवर भरवसा नाही, कारण औषध जाळ्यापर्यंत झिरपले तरी आराम पडेल. तरीही एक झाले: कोणावर शस्त्रक्रिया केली हे आता लिहून ठेवावे लागते, आणि दोन रुग्णालयांतल्या निकालांची तुलना करता येते. पूर्वी तेवढीही सोय नव्हती.

उपचारांचा पुरावा

धमनीच्या प्रकारात आणि स्नायू झडलेल्या खऱ्या मज्जातंतूंच्या प्रकारात शस्त्रक्रिया करावी, यावर साधारण एकमत आहे. झडलेला स्नायू पुन्हा भरेल अशी आशा मात्र फारशी नसते. दुखणे थांबते आणि पुढची झीज टळते. शिरेच्या प्रकारात पहिल्या दोन आठवड्यांत नळीतून औषध सोडून गाठ विरघळवतात, मग बरगडी काढतात, अशी बऱ्याच मोठ्या केंद्रांची पद्धत आहे. काही तज्ज्ञ मात्र नुसत्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर भर देतात. दोन्हींची थेट तुलना करणारा भक्कम अभ्यास नाही.

वादग्रस्त गटात पहिला उपचार व्यायाम, याबद्दल शल्यचिकित्सकांचेही दुमत नाही. खांद्याची पाती मागे स्थिर ठेवणारे स्नायू बळकट करणे, स्केलीन आणि पेक्टोरॅलिस मायनर ताणणे, पोटाने श्वास घेणे, टेबलाची उंची बदलणे, खांद्यावरची जड बॅग टाळणे, हात डोक्याखाली घेऊन न झोपणे. निदान तीन ते सहा महिने. बऱ्याच जणांना एवढ्यावर भागते. सुरुवातीलाच जोरजोराने मान ताणली तर चिडलेले तंतू आणखी चिडतात, हे मात्र फिजिओथेरपिस्टला सांगून ठेवावे.

शस्त्रक्रियेचा पुरावा कसा आहे? कॉक्रेन संस्थेच्या २०१० आणि २०१४ च्या आढाव्यांत तो फार कमकुवत ठरला. शस्त्रक्रियेला पर्याय म्हणून स्नायूत दिलेले बोटुलिनमचे इंजेक्शन आणि खाऱ्या पाण्याचे इंजेक्शन यांची तुलना करणाऱ्या २०११च्या कॅनडातल्या चाचणीत फरक दिसला नाही. २०२२ मध्ये नेदरलँड्समधून शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांची तुलना करणारी पहिली खरीखुरी चाचणी आली. व्यायामाने बरे न झालेल्या ५० रुग्णांची चिठ्ठी टाकून विभागणी केली. काहींची शस्त्रक्रिया लगेच, बाकीच्यांचे व्यायामच चालू. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेचा गट स्पष्टपणे पुढे होता. साशंकांचे आक्षेपही रास्त आहेत: केंद्र एकच, तुलना फक्त तीन महिन्यांची, आणि कोणावर काय उपचार झाले हे रुग्णाला ठाऊक होते. तरीही साठ वर्षे नुसत्या मतांवर चाललेल्या भांडणात ही चाचणी मोलाची आहे, असे मला वाटते.

न सुटलेले

सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न खोट्या, म्हणजे नुसत्या देखाव्याच्या, शस्त्रक्रियेशी तुलनेचा. खांद्याच्या सांध्यावर वर्षानुवर्षे केली जाणारी हाड घासण्याची शस्त्रक्रिया ब्रिटनमधल्या २०१८ च्या चाचणीत नुसती दुर्बीण घालून बाहेर काढण्याहून फारशी सरस ठरली नाही. टीओएसमध्ये तशी चाचणी झालेली नाही, आणि बरगडी न काढता काखेत खोल छेद घेणे नैतिकदृष्ट्या पटवणे अवघड आहे. त्यामुळे आरामातला किती भाग बरगडीचा आणि किती अपेक्षेचा, हे कोडे उरतेच. चिडलेला तंतू चित्रात दिसेल अशी तपासणी, म्हणजे उच्च प्रतीची एमआर न्यूरोग्राफी किंवा सोनोग्राफी, अजून निदानाचा कणा बनण्याइतकी सिद्ध नाही. पेक्टोरॅलिस मायनरचा स्नायूबंध कापण्याची छोटी शस्त्रक्रिया आधी करून पाहावी का, यावरही चर्चा चालू आहे. आणि आपल्याकडे हे निदान किती जणांना दिले जाते, त्यातल्या कितींवर शस्त्रक्रिया होते, पुढे त्यांचे काय होते, हे पाहण्यासाठी एखादी नोंदवही हवी, जशी परदेशातली काही मोठी केंद्रे ठेवतात.

दोन्ही बाजू वाचून माझा कल असा होतो: टीओएस आहे, पण बधीर हाताच्या कारणांच्या यादीत त्याची जागा बरीच खाली आहे, आणि तिथवर पोचायचे ते वरची नावे एकेक करून खोडल्यावर. रूस यांचे 'दुर्लक्ष होते' हे म्हणणे धमनी आणि शिरेच्या प्रकारांना आजही लागू पडते. विल्बर्न यांचे 'निदान गरजेपेक्षा जास्त होते' हे म्हणणे वादग्रस्त गटाला.

तुम्हाला टीओएस सांगितला गेला असेल तर डॉक्टरांना विचारा: तीनांपैकी कोणता प्रकार, कशाच्या आधारावर, आणि मनगट, कोपर, मान व कुष्ठरोग पाहून झाले आहेत का. मज्जातंतूंचा प्रकार असेल आणि स्नायू झडत नसतील, तर काही महिने व्यायामाला देण्यात नुकसान नाही. बरगडी काढण्याची घाई करू नका, आणि काढायचीच असेल तर अशा शस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या केंद्रातच करा. मात्र हात अचानक सुजून निळा पडला, किंवा बोटे गार आणि पांढरी पडून दुखू लागली, तर व्यायाम नाही, शेक नाही, मालिश तर मुळीच नाही. त्याच दिवशी रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठा.